लसीचे उपासक डॉ. हाफकिन

मनुष्याची कातडी हें त्याच्या देहरूपी घराचें कुंपण होय. ऊन, वारा, धूळ आणि असंख्य रोगजंतु यांना हें कुंपण बाहेरच थोपवून धरतें. तें ओलांडून कोणी परका आंत कांहीं घालूं लागला, तर मनुष्य स्वभावतःच दचकतो. आणि तें कुंपण आपल्या तान्ह्या बालकाचें असेल, तर मातेचें काळीज अधिकच धडधडतें. आपल्या कामठींत लस टोंचण्याच्या दिवशीं एखाद्या आरोग्यकेंद्राच्या ओसरीवर घटकाभर उभें राहिलें, म्हणजे ही गोष्ट सहज ध्यानांत येते. दीड महिन्याचें मूल मांडीवर घेऊन आई बसलेली असते. परिचारिका त्या बालकाच्या उजव्या दंडाची कातडी किंचित् ताणते आणि बारीक सुई कातडीच्या अगदीं वरच्या थरांत आडवी सरकविते. औषध तें किती? अवघा एक दशांश मिलिलिटर. म्हणजे टोंचून द्यावयाच्या पोलिओ लसीची जी पूर्ण मात्रा, तिचा केवळ पांचवा हिस्सा. त्या जागीं मसुरीच्या डाळीएवढा फुगवटा येतो व थोड्या वेळांत जिरून जातो.

सन २०१६ पासून आपल्या देशांत पोलिओची लस अशा रीतीनें कातडीच्या थरांत देण्यास आरंभ झाला. या थरांत शरीराचे जणूं पहारेकरीच अशा पेशींची दाटी असते. शत्रूची चाहूल त्यांस लागली, कीं त्या सगळ्या शरीरास वर्दी देतात. म्हणून येथें थोड्या लसीनेंही पुष्कळ काम होतें. मात्र ही मात्रा एकदांच देऊन भागत नाहीं. ती सहाव्या व चौदाव्या आठवड्यांत अशी दोनदां द्यावी लागते. आणि २०२३ पासून नवव्या महिन्यांत तिसरीही देण्यांत येऊं लागली.

हें सर्व शास्त्र त्या मातेस ठाऊक असतेंच असें नाहीं. ती आपलें मूल पुढें करते, तें विश्वासानें. परंतु हा विश्वास कांहीं आकाशांतून पडलेला नाहीं. आपल्या देशांत, विशेषतः मुंबई इलाख्यांत, तो ज्या थोड्या माणसांनीं स्वतःच्या देहाची किंमत देऊन कमाविला, त्यांत डॉ. वाल्देमार हाफकिन यांचें नांव अग्रभागीं येतें. त्यांनीं पोलिओची लस शोधिली नाहीं. ती त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनीं, १९५५ सालीं जगास मिळाली. पण सुईच्या टोंकावर रोगापासून रक्षण करणारें कवच ठेवतां येतें, ही गोष्ट आपल्या लोकांना प्रथम पटवून देण्यांत त्यांचा वांटा फार मोठा आहे. विद्यार्थिमित्रहो, त्यांचें चरित्र जितकें उज्ज्वल, तितकेंच करुणही आहे.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजीं ओडेसा या शहरीं एका यहुदी कुटुंबांत झाला. हें शहर काळ्या समुद्राच्या कांठीं आहे. तें त्या वेळीं रशियाच्या साम्राज्यांत होतें; हल्लीं तें युक्रेन देशांत मोडतें. घरची स्थिति बेताचीच होती. ओडेसाच्या विद्यापीठांत त्यांस एक थोर गुरु लाभले. ते म्हणजे इलिया मेचनिकोव्ह. रक्तांतील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना कशा गिळून टाकतात, हें दाखवून ज्यांनीं पुढें १९०८ सालीं नोबेल पारितोषिक मिळविलें, तेच हे मेचनिकोव्ह. सूक्ष्म जीवांच्या सृष्टीकडे पाहण्याची दृष्टि हाफकिन यांस या गुरूंपासूनच मिळाली.

१८८१ सालीं त्या प्रदेशांत यहुदी लोकांवर दंगेखोरांनीं हल्ले केले. घरें लुटलीं, माणसें मारलीं. तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणासाठीं निघालेल्या तुकडींत सामील झाले. या चकमकींत ते जखमी झाले व वर पकडलेही गेले. गुरूंनीं रदबदली केली म्हणून सुटका झाली. पुढें शिक्षण संपलें, पदवी मिळाली. परंतु यहुदी असल्यामुळें विद्यापीठांत अध्यापकाची जागा मिळेना. धर्म बदलल्यास मार्ग मोकळा होता. हाफकिन यांनीं तसें करण्याचें साफ नाकारिलें. ज्या गोष्टीवर अंतःकरणापासून श्रद्धा नाहीं, ती केवळ नोकरीसाठीं तोंडानें मान्य करणें, हें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. मनाचा हा ताठ कणा त्यांस पुढें फार उपयोगी पडावयाचा होता.

१८८८ सालीं त्यांनीं मायभूमि सोडली व ते जिनीव्हास गेले. पुढल्याच वर्षीं ते पॅरिसला आले. तेथें लुई पाश्चर यांच्या सुप्रसिद्ध संस्थेंत मेचनिकोव्ह आधींच जाऊन पोंचले होते. पण शिष्यास देण्याजोगी जागा एकच रिकामी होती, आणि ती ग्रंथपालाच्या मदतनिसाची. हाफकिन यांनीं ती आनंदानें पत्करली. दिवसा पुस्तकें लावावीं आणि उरल्या वेळांत प्रयोगशाळेंत सूक्ष्मदर्शकाशीं बसावें, असा त्यांचा क्रम सुरू झाला. विसाव्यास सोबत होती ती व्हायोलिनची. मोठ्या कामास आरंभ करण्यासाठीं मोठी खुर्ची लागतेच असें नाहीं, हें यावरून दिसून येईल.

त्या काळीं पटकीनें जगभर हाहाकार मांडिला होता. सकाळीं धडधाकट असलेला मनुष्य संध्याकाळीं मातीआड व्हावा, असा तो भयंकर रोग. हाफकिन यांनीं याच शत्रूवर शस्त्र धरण्याचें ठरविलें. गिनीपिग नांवाच्या लहान प्राण्यांच्या शरीरांतून पटकीचे जंतु एकामागून एक नेऊन त्यांनीं ते अतिशय तीव्र केले. आणि दुसऱ्या रीतीनें, उष्णता व हवा यांच्या योगानें, त्याच जंतूंची एक दुर्बल जातही तयार केली. आधीं दुर्बल जंतु टोंचावे, कांहीं दिवसांनीं तीव्र टोंचावे, म्हणजे शरीर रोगाशीं झुंजण्यास सज्ज होतें, असें त्यांस प्राण्यांवर आढळून आलें. पण प्राण्यास जें मानवतें तें मनुष्यास मानवेल काय? या प्रश्नाचें उत्तर मिळविण्यासाठीं त्यांनीं दुसऱ्याचा देह शोधिला नाहीं. १८ जुलै १८९२ रोजीं त्यांनीं ती लस स्वतःच्याच शरीरांत टोंचून घेतली. ताप आला, टोंचलेली जागा दुखली, आणि कांहीं दिवसांत सर्व ओसरलें. यानंतरच त्यांनीं ती आपल्या कांहीं स्नेह्यांस दिली.

आतां ही लस जेथें पटकीचें ठाणेंच आहे अशा देशांत नेऊन पारखावयास हवी होती. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन हे त्या वेळीं पॅरिसमध्यें ब्रिटिश राजदूत होते. त्यांनीं हाफकिन यांस बंगालचा मार्ग दाखविला. मार्च १८९३ मध्यें, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षीं, ते कलकत्त्यास उतरले.

आपली कामठी १८२१ सालीं कन्हान नदीच्या कांठीं लष्कराची छावणी म्हणून वसली. अशा छावण्यांतून राहणाऱ्या शिपायांना शत्रूच्या गोळीइतकेंच पटकीचें भय वाटे. कारण एकाच विहिरीचें पाणी पिणाऱ्या पलटणींत ती शिरली, कीं पाहतां पाहतां राहुट्या ओस पडत. हाफकिन यांनीं उत्तर हिंदुस्थानांत लस टोंचण्यास आरंभ केला, तो अशाच पलटणींत, तुरुंगांत आणि चहाच्या मळ्यांतील मजुरांत. कोणावरही सक्ति करावयाची नाहीं, जो आपण होऊन पुढें येईल त्यासच टोंचावयाचें, हा त्यांचा नियम होता.

मार्च १८९४ च्या अखेरीस कलकत्त्यांतील कट्टल बगान नांवाच्या गरीब वस्तींत पटकी उद्भवली. हाफकिन तेथें गेले. बरोबर चार बंगाली डॉक्टर होते. वस्तींतील लोक प्रथम संशयानें पाहूं लागले. तेव्हां त्यांनीं सर्वांसमक्ष आधीं स्वतःस टोंचून घेतलें, असें सांगतात. वस्तींतील सुमारे दोनशें माणसांपैकीं ११६ जणांनीं लस घेतली. पुढें त्याच वस्तींत दहा माणसांस पटकी झाली व त्यांपैकीं सात दगावलीं. परंतु तीं दहाही माणसें लस न घेतलेलींच होतीं. असे आंकडे मांडून, टोंचलेले व न टोंचलेले यांचा हिशेब शेजारीं शेजारीं ठेवून, हाफकिन आपल्या लसीची परीक्षा घेत. सुमारे अडीच वर्षांत त्यांनीं बेचाळीस हजारांहून अधिक लोकांस लस टोंचली. या श्रमांत हिंवतापानें शरीर पोखरलें व त्यांस १८९५ सालीं विश्रांतीसाठीं विलायतेस जावें लागलें. प्रकृति पुरती सुधारते न सुधारते तोंच, १८९६ च्या मार्चमध्यें, ते पुन्हां हिंदुस्थानांत आले.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांस एका नव्या तापाचे रोगी आढळले. जांघेंत व काखेंत गांठी, भयंकर ताप, आणि थोड्याच दिवसांत मृत्यु. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, होय असें त्यांनीं ओळखलें. शहरांत एकच घबराट उडाली. आगगाड्या भरभरून लोक गांवोगांव पळाले, आणि त्यांच्या बोचक्यांबरोबर रोगही गांवोगांव गेला. सरकारनें हाफकिन यांस तातडीनें मुंबईस पाचारण केलें. ७ ऑक्टोबर १८९६ रोजीं ते येऊन दाखल झाले.

एवढ्या मोठ्या शत्रूशीं झुंजण्यास त्यांस मिळालें काय? भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत एक खोली व तिच्या बाहेरची पडवी. आणि हाताशीं एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनीं अहोरात्र काम मांडिलें. प्लेगचा जंतु दोनच वर्षांपूर्वीं, १८९४ सालीं, हाँगकाँग येथें आलेक्सांद्र येर्सें यांनीं शोधून काढिला होता. तो जंतु मोठ्या प्रमाणांत वाढवावयाचा कसा, हा पहिला प्रश्न. असे जंतु मांसाच्या काढ्यांत वाढविण्याची रीत होती. पण हिंदूंस गाईचें मांस वर्ज्य आणि मुसलमानांस डुकराचें. ही लस दोघांच्याही शरीरांत जावयाची होती. म्हणून हाफकिन यांनीं बोकडाच्या मांसाचा काढा तयार केला, आणि त्याच्या पृष्ठभागावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडले. या थेंबांना धरून जंतु खालीं वाढूं लागले व झुंबराच्या लोलकांसारखे लोंबूं लागले. मधून मधून बाटली हलवावी, लोलक तुटून तळाशीं जावे, पुन्हां नवे यावे, असें कित्येक आठवडे चाले. शेवटीं तो काढा सुमारे तासभर तापवून सर्व जंतु मारून टाकीत व तो टिकावा म्हणून त्यांत थोडें कार्बोलिक ॲसिड घालीत. परक्या देशांतून आलेल्या या शास्त्रज्ञानें येथल्या लोकांच्या धर्मभावनेचा जो मान राखिला, तो केवळ शहाणपणाचा नव्हे, तर सौजन्याचाही होता.

१० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं ही लस स्वतःच्या शरीरांत टोंचून घेतली. मात्रा होती दहा घन सेंटिमीटर. पुढें सामान्य मनुष्यास जी देण्यांत आली, तिच्या जवळजवळ चौपट. ताप चढला, वेदना झाल्या, परंतु ते सुखरूप राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. तेथील सुमारे दीडशें कैद्यांनीं आपखुषीनें लस घेतली. साधारण तितक्याच कैद्यांनीं घेतली नाहीं. सर्वांचें अन्न एक, पाणी एक, छप्पर एक. पुढील दिवसांत लस न घेतलेल्यांपैकीं बारा जणांस प्लेग झाला व सहा मेले. लस घेतलेल्यांपैकीं दोघांसच झाला व एकही मेला नाहीं. हे आंकडे लहान होते, पण त्यांनीं अंधारांत दिवा लाविला.

हा काळ महाराष्ट्रास विसरतां येण्याजोगा नाहीं. पुण्यास प्लेगच्या रोग्यांची सेवा करतां करतां १० मार्च १८९७ रोजीं सावित्रीबाई फुले यांचा त्याच रोगानें अंत झाला. सरकारनें रोग रोखण्यासाठीं गोरे शिपाई घरोघर पाठविले. देवघरांत, माजघरांत ते शिरले. माणसें धरून नेलीं. लोकांचा संताप अनावर झाला, आणि २२ जून रोजीं प्लेगचे अधिकारी रँड यांजवर पुण्यांत गोळ्या झाडण्यांत आल्या. अशा वातावरणांत सरकारी माणसाच्या हातांतील सुईकडे लोक कोणत्या नजरेनें पाहात असतील, याची कल्पना करावी. सुईंतून विष घालतात, धर्म बाटवितात, अशा कंड्या पिकल्या. हाफकिन यांनीं याही वेळीं सक्तीचा मार्ग धरिला नाहीं. त्यांनीं समजूत घातली, आंकडे दाखविले, आणि समाजांतील वजनदार माणसांस पुढें येण्याची विनंति केली. खोजा लोकांचे तरुण धर्मगुरु सुलतान महंमदशहा आगाखान यांनीं आपल्या अनुयायांसमोर लस टोंचून घेतली. तें पाहून हजारों खोजे पुढें आले. एवढेंच नव्हे, तर प्रयोगशाळेसाठीं त्यांनीं आपला एक बंगलाही दिला.

१८९८ सालीं बडोद्याजवळील उंढेरा या गांवीं एक विलक्षण चांचणी झाली. प्रत्येक कुटुंबांतील साधारण अर्ध्या माणसांस लस टोंचली व अर्ध्यांस तशीच ठेविली. पुढें अठ्ठावीस कुटुंबांत प्लेग शिरला. त्या कुटुंबांतील लस न घेतलेल्या ६४ माणसांपैकीं २६ मरण पावलीं. लस घेतलेल्या ७१ माणसांपैकीं तीनच. एकाच चुलीवरचें अन्न खाणारीं, एकाच अंगणांत निजणारीं हीं माणसें. असा पुरावा पाहिल्यावर शंकेखोरांचीही वाचा बंद व्हावी, यांत नवल नाहीं. तरीही हाफकिन यांनीं आपली लस रामबाण आहे असें कधीं म्हटलें नाहीं. ती घेतल्यावर एकदोन दिवस ताप येई; तिचा गुण कांहीं महिनेच टिके; आणि ती घेऊनही क्वचित् कोणास रोग होई. हें सर्व ते मोकळेपणानें सांगत. खरेपणा हाच विश्वासाचा पाया आहे, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें.

१८९७ सालीं सरकारनें त्यांस सी. आय. ई. ही पदवी दिली. काम वाढत चाललें, जागा अपुरी पडूं लागली; तेव्हां परळ येथील जुनें गव्हर्नरचें निवासस्थान प्रयोगशाळेस देण्यांत आलें. १० ऑगस्ट १८९९ रोजीं गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. एका खोलींतून निघालेलें काम राजवाड्यांत येऊन पोंचलें. तेथून बाटल्यांवर बाटल्या देशभर रवाना होऊं लागल्या. हाफकिन यांचें वय त्या वेळीं अवघें एकूणचाळीस होतें.

आणि याच वैभवाच्या शिखरावर असतां दैवानें घाला घातला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकोवाल या खेड्यांत १०७ लोकांस लस टोंचण्यांत आली. त्या दिवशीं पांच बाटल्या वापरल्या. आठवडाभरानें त्यांपैकीं १९ माणसांस धनुर्वात झाला, आणि तीं एकोणीसच्या एकोणीस माणसें मरण पावलीं. चौकशींत दिसून आलें, कीं तीं सर्व एकाच बाटलींतील लस घेतलेलीं होतीं. बाटलीचा क्रमांक होता ५३ न.

केवढा हा अनर्थ! रोगापासून वांचण्यासाठीं ज्यांनीं विश्वासानें दंड पुढें केला, तींच हीं गरीब माणसें होतीं. त्यांच्या घरांतील आक्रोशापुढें दुसऱ्या कोणाचेंही दुःख मोठें म्हणतां येणार नाहीं. पण दोष कोणाचा? हाफकिन यांनीं त्या सुमारास लस तयार करण्याच्या रीतींत थोडा फेर केला होता. कार्बोलिक ॲसिड न घालतां केवळ उष्णतेनें ती शुद्ध राखावी, अशी ही नवी रीत होती. झालें! त्याच फेरावर बोट ठेवण्यांत आलें. सरकारनें नेमलेल्या चौकशी मंडळानें असें मत दिलें, कीं बाटली उघडण्यापूर्वींच, म्हणजे मुंबईच्या प्रयोगशाळेंतच, ती दूषित झाली असावी. हाफकिन यांस परळच्या कामावरून दूर करण्यांत आलें. १९०४ सालीं ते हिंदुस्थान सोडून गेले. ज्या देशासाठीं त्यांनीं स्वतःच्या देहावर दोनदां प्रयोग केला, त्या देशांतून ते कलंक घेऊन परत गेले.

तरी ते स्वस्थ बसले नाहींत. रागानें कोणास शिव्याशाप देण्याऐवजीं त्यांनीं कागदपत्रें मागविलीं, तारखा जुळविल्या, आणि एक एक पुरावा पुढें ठेविला. बाटली भरल्यापासून उघडेपर्यंत एक्केचाळीस दिवस गेले होते. त्या दिवशीं मलकोवालास काय घडलें होतें? बाटलीचें बूच काढतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. नियम असा, कीं पडलेला चिमटा ज्योतीवर धरून निर्जंतुक करावा, मगच वापरावा. त्यानें तो नुसता औषधी पाण्यांत खळबळून घेतला व त्यानेंच बूच काढिलें. धनुर्वाताचे जंतु मातींत असतात, हें आपण शाळेंतच शिकतों. लंडनच्या लिस्टर संस्थेनेंही पुरावा तपासून पहिल्या चौकशीचा निर्णय निश्चित मानतां येत नाहीं, असें मत दिलें. १९०७ च्या जुलैमध्यें मलेरियाचा डांसांशीं असलेला संबंध शोधून काढणारे सर रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा नामांकित शास्त्रज्ञांनीं लंडनच्या टाइम्स पत्रांत हाफकिन यांच्या बाजूनें पत्र प्रसिद्ध केलें. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारनें त्यांस दोषमुक्त केलें. न्याय मिळाला, पण मलकोवालच्या त्या दिवसानंतर पांच वर्षांनीं.

ते पुन्हां हिंदुस्थानांत आले. परंतु मुंबईच्या ज्या प्रयोगशाळेची वीट न् वीट त्यांच्या ओळखीची होती, ती त्यांच्या वांट्यास परत आली नाहीं. त्यांची नेमणूक कलकत्त्यास झाली, आणि तेथें माणसांवर नव्या लसीची चांचणी करण्यास त्यांस मोकळीक नव्हती. पंख कापून पक्ष्यास पिंजऱ्याबाहेर सोडावें, तसाच हा प्रकार झाला. हीं वर्षें त्यांनीं मुकाट्यानें काढिलीं, आणि वयाची मर्यादा होतांच ते निवृत्त होऊन युरोपांत परतले. ते अविवाहित होते. उत्तरायुष्यांत त्यांचें मन आपल्या धर्माच्या चिंतनांत व यहुदी मुलांच्या शिक्षणाच्या कार्यांत रमलें. आपली मिळकतही त्यांनीं त्याच कार्यास दिली. २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडमधील लोझान शहरीं त्यांनीं देह ठेविला.

मृत्यूपूर्वीं त्यांस एक समाधान मात्र लाभलें. १९२५ सालीं परळच्या त्या प्रयोगशाळेस हाफकिन संस्था असें नांव देण्यांत आलें. १८९७ पासून तोंपर्यंत तेथून प्लेगच्या लसीच्या सुमारे दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. १९६४ सालीं स्वतंत्र भारतानें त्यांच्या चित्राचें टपालाचें तिकीट काढिलें. १९७५ सालीं संस्थेचा लस बनविणारा विभाग वेगळा होऊन त्याचें महामंडळ झालें. त्या महामंडळानें तयार केलेले पोलिओचे थेंब देशांतील व परदेशांतील असंख्य बालकांच्या मुखीं पडले. भारतांतील रानटी पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं बंगालमधील हावडा जिल्ह्यांत आढळला. आणि २७ मार्च २०१४ रोजीं भारतासह सर्व आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें. प्लेगशीं झुंजण्यासाठीं पेटविलेल्या दिव्यावर पोलिओशीं झुंजणारा दिवा लाविला गेला, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रांतील दोन वस्तु ध्यानीं ठेवा. एक ती सुई, जी हाफकिन यांनीं दुसऱ्यास टोंचण्यापूर्वीं स्वतःस टोंचली. दुसरा तो चिमटा, जो क्षणभर जमिनीवर पडला व तसाच उचलला गेला. पहिलीनें लक्षावधि लोकांचा विश्वास जोडिला. दुसऱ्यानें एकोणीस जिवांचा घात केला आणि एका सज्जनास पांच वर्षें आरोपाखालीं ठेविलें. तुमच्यापैकीं कोणी उद्यां परिचारिका होईल, कोणी डॉक्टर, कोणी औषधांच्या कारखान्यांत बाटल्या भरील. आपलें काम लहान आहे, कोण पाहतो, असें मनांत आलें, म्हणजे तो चिमटा आठवावा.

आणि पालकवर्गास एवढीच विनंति, कीं मुलाच्या दंडावर तो मसुरीच्या डाळीएवढा फुगवटा उठेल, तेव्हां पुढल्या मात्रेची तारीख विसरूं नये. मनांत शंका असेल तर ती परिचारिकेस अवश्य विचारावी. विचारणाऱ्यास उत्तर देणें हीच हाफकिन यांची रीत होती. पोलिओ आपल्या देशांतून गेला असला, तरी जगांतून अद्याप समूळ गेलेला नाहीं. आणि कुंपण एकदां बांधलें म्हणून राखण सोडून चालत नाहीं.